खाडीकाठच्या मुलांच्या हाती शीड द्या

हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ रोजी नेहा ठाकूरनं शिडाच्या नौकांच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. घर देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं, शिक्षण भोपाळच्या बड्या तलावावर. शर्यती निंगबोजवळच्या समुद्रात झाल्या. अकरा शर्यतींत मिळून तिचे गुण झाले ३२. या खेळात पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, अशी मोजणी असते. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजेता. प्रत्येकाला आपली सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून वगळता येते. नेहाच्या सर्वांत वाईट शर्यतीचे गुण होते पाच. ते गेले आणि उरले २७. वारा रोज वेगळा, पाणी रोज वेगळं, तरी ही मुलगी अकरा शर्यतींत पाचव्या क्रमांकाच्या खाली एकदाही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी विष्णू सरवणननं कांस्य मिळवलं. त्याचे गुण ३४, रौप्य मिळवणाऱ्या कोरियाच्या खेळाडूचे ३३. म्हणजे आठवडाभरात कुठल्या तरी एका शर्यतीत एक नौका जास्त मागे टाकली असती, तर दोघं बरोबरीत आले असते. विष्णू लष्करातला, त्याचे वडीलही लष्करातले आणि तेही शिडाच्या नौका चालवणारे. इबाद अलीचं कांस्य धरून त्या स्पर्धेत भारताला या खेळात तीन पदकं मिळाली.

मला फार आनंद झाला आणि त्याच संध्याकाळी रागही आला. राग या तिघांवर नव्हता. मी करंजाची. उरण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत माझी नोकरी व्यायामशिक्षिका म्हणून गेली. माझे आजोबा तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख होते. इंजिन बसायच्या आधीच्या काळात त्यांनी शिडावर मासेमारी केली. माझ्या वर्गात बसणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरी हाच इतिहास होता. शिडाच्या खेळातलं पदक भोपाळच्या तलावावरून येतं, चेन्नईहून येतं, लष्कराच्या केंद्रातून येतं. करंजा, मोरा, वरसोली, राजपुरी, हर्णै, मालवण या गावांतून एक नाव येत नाही. पाठ्यपुस्तकात आम्ही मुलांना ७२० किलोमीटरचा किनारा पाठ करायला लावतो. त्या किनाऱ्यावरच्या मुलांना हा खेळ अस्तित्वात आहे हेसुद्धा ठाऊक नसतं.

मला स्वतःला तो कळला उशिरा. मुंबई बंदरात हिवाळ्यात शर्यती भरतात, तिथं निकाल लिहायला माणसं लागतात. ओळखीच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं बोलावलं म्हणून गेले आणि मग जातच राहिले. समितीच्या बोटीवर उभं राहून नौका शेवटची रेषा ओलांडतील तसे शिडावरचे आकडे वहीत उतरवायचे, हे माझं काम. त्या बोटीवरून जे दिसलं, त्याच्या बळावर आज लिहिते आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला ही शर्यत समजत नाही, हे मान्य. वल्ही मारत सरळ रेषेत जायची रोइंगची शर्यत वेगळी. चांदवडसारख्या कोरड्या तालुक्यातल्या दत्तू भोकनळला लष्करानं पुण्यात वल्ही हातात दिली आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत तो सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत होता. शिडाच्या शर्यतीत सरळ रेषाच नसते. पहिला बोया मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर टाकलेला असतो, आणि थेट वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची नौका जात नाही. साधारण पंचेचाळीस अंश या बाजूला, मग वळून तेवढीच त्या बाजूला, असं नागमोडी वर चढावं लागतं. कधी वळायचं, हा सगळा खेळ. वारा एकसारखा कधी नसतो. तो दहा अंश इकडे झुकतो, मग तिकडे. ज्याला झुकाव आधी कळला, त्याचा रस्ता आपोआप आखूड होतो. समोरच्या नौकेच्या शिडावरून उतरलेला वारा फाटलेला असतो, त्यात सापडलात की वेग गेलाच. अंगावर वारा आला की नौका कलते आणि तिला सरळ ठेवण्यासाठी पायांच्या पट्ट्यात पावलं अडकवून आख्खं शरीर पाण्यावर बाहेर झोकून द्यावं लागतं. मांड्या आणि पोट इतका वेळ ताठ धरायला काय लागतं, ते व्यायामशिक्षिकेला विचारा. आणि हे चालू असताना डोकं थंड ठेवून पुढच्या वाऱ्याचा विचार करायचा असतो.

सुरुवात तर पाहण्यासारखी. पाच मिनिटं आधी झेंडा चढतो, चार मिनिटं आधी दुसरा, एक मिनिट राहिलं की तो उतरतो. तोवर सगळ्या नौका रेषेच्या मागे घिरट्या घालत असतात, कारण शिडाच्या नौकेला ब्रेक नाही. कुणाचं नाक रेषेपुढे गेलं तर परत यावं लागतं, कुणी मागे राहिलं तर पुढच्यांचा फाटका वारा खावा लागतो. पॅरिस ऑलिंपिकच्या शर्यती मार्सेयला झाल्या. तिथं विष्णूच्या गटात ४३ नौका होत्या. त्रेचाळीस जणांनी एकाच क्षणी एका रेषेवर पोचायचं. विष्णू अठरावा आला. त्याच ऑलिंपिकमध्ये चेन्नईची नेत्रा कुमनन एकविसावी आली. टोकियोत ती पस्तिसावी होती. तीन वर्षांत चौदा जागा वर येण्याला आपल्याकडे बातमी म्हणत नाहीत, कारण पदक नाही. मी म्हणते, ही बातमी आहे.

मुंबईच्या पाण्याविषयी जरा सविस्तर सांगते, कारण माझा मुद्दा इथंच आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो. दुपारकडे तो मरतो आणि पाणी आरशासारखं पडतं. मग वायव्येकडून खारा वारा भरतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. हे भूगोलाच्या पुस्तकातही आहे. पुस्तकात नाही ती भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात पाणी चार-पाच मीटर चढतं आणि उतरतं. एवढं पाणी सहा तासांत आत येतं आणि सहा तासांत बाहेर जातं, म्हणजे बंदरात बहुतेक वेळ प्रवाह वाहतच असतो. वारा नरम असेल आणि पाणी उलटं असेल, तर नौका शीड भरून उभी असूनही मागे मागे जाते. पाणी पाठीमागून असेल, तर पूर्ण ताफा वेळेआधीच रेषेपुढे ढकलला जातो आणि सुरुवात पुन्हा करावी लागते. ज्यांनी तलावात शिकलंय त्यांना हे पाणी पहिले काही दिवस रडवतं.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना भरतीचं कोष्टक लागत नाही. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता पाणी भरलं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याला जोर कमी. पुनव-अमावास्येला उधाण. काठाजवळ प्रवाह आधी फिरतो आणि मधल्या खोल पाण्यात नंतर, हे त्यांना माहीत असतं. मुंबईत शर्यत जिंकणारा खेळाडू नेमकं याच गोष्टीवर जिंकतो. परदेशी प्रशिक्षक आणून, नकाशे काढून जे शिकवावं लागतं, त्यातलं बरंचसं करंजाच्या मुलीनं जेवताना ऐकलेलं असतं.

एकदा शाळेतल्या काही मुलींना मोऱ्याहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला आणि तिथून समितीच्या बोटीवर घेऊन गेले होते. दुसऱ्या शर्यतीला दहा मिनिटं झाली असतील. नववीतली एक मुलगी, वडिलांबरोबर खाडीत जाळं टाकायला जाणारी, माझी बाही ओढून म्हणाली, “बाई, तय पानी काला परलाय.” उजव्या हाताला, बऱ्याच लांब, पाण्याचा रंग बदलला होता. वाऱ्याचा झपाटा येताना पाण्यावर अशी काळी लहर उठते. बहुतेक नौका डाव्या बाजूला होत्या. उजवीकडे गेलेल्या दोघी पहिल्या बोयावर सगळ्यांच्या कितीतरी आधी पोचल्या. बोटीवरच्या पंचांनी मुलीला विचारलं, कुठे शिकतेस? ती कुठंच शिकत नव्हती. तिनं तोवर शर्यतीच्या नौकेत पायसुद्धा ठेवला नव्हता.

त्या मुलीसाठी मी एका क्लबात चौकशी केली. तिथल्या माणसानं नीट बोलून सांगितलं की सभासदाच्या मुलांसाठी वर्ग असतात, बाहेरच्या मुलाला दोन सभासदांची शिफारस लागेल, आणि वर्गाची फी अशी अशी. फीचा आकडा तिच्या वडिलांच्या एका हंगामाच्या कमाईत बसणारा नव्हता. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, रोज सकाळी साडेसहाला हजर राहावं लागेल. उरणहून पहिल्या लाँचनं निघून ते शक्य नव्हतं. कुणी वाईट वागलं नाही. फक्त दरवाजा तिच्या मापाचा केलेला नव्हता. आज ती न्हावा-शेव्याकडे एका गोदामाच्या कार्यालयात नोकरी करते, दोन मुलांची आई आहे आणि सुखी आहे. तरी मला ती काळी लहर दिसली की तीच आठवते.

मुंबईत हा खेळ ज्यांनी जगवला, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पारशी कुटुंबं, नौदल आणि लष्कर, या तिघांनी तो धरून ठेवला. १९८२ची आशियाई स्पर्धा दिल्लीत झाली, पण दिल्लीत समुद्र नाही, म्हणून शिडाच्या शर्यती मुंबईत भरल्या. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. मासळी घेऊन मुंबईला जाताना लांबवर छोटी पांढरी शिडं पाहिल्याचं वडील सांगत. त्या शर्यतींत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीनं फायरबॉल प्रकारात सुवर्ण जिंकलं. एंटरप्राइज प्रकाराचं सुवर्ण कराचीच्या बैराम आवारी आणि त्यांच्या पत्नी गोशपी यांनी पाकिस्तानसाठी नेलं. नवरा-बायको एका नौकेत, मुंबईच्या पाण्यात, आणि सर्वांत पुढे. तारापोर पुढे लॉस एंजेलिस, सोल आणि बार्सिलोना अशी तीन ऑलिंपिक खेळले. होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग यांना याच खेळासाठी राजीव गांधी खेलरत्न मिळालं. २०१८ला जकार्तात मुंबईच्या श्वेता शेर्वेगरनं वर्षा गौतमबरोबर रौप्य जिंकलं. हे सगळं खरं आणि मोठं आहे. पण १९८२नंतर आशियाई सुवर्ण परत आलेलं नाही, हेही खरं. इतक्या अरुंद दारातून जेवढी माणसं आत येऊ शकतात, तेवढ्यांतून जेवढं निघायचं तेवढं निघालं.

दार रुंद केलं की काय होतं, ते हैदराबादनं दाखवलं. तिथं समुद्र नाही, हुसेनसागर आहे. सुहेम शेख यांनी २००९ साली सुरू केलेल्या यॉट क्लबनं सरकारी शाळांतल्या, वस्त्यांतल्या मुलामुलींना नौकांत बसवलं. आज देशातल्या लहान वयोगटांच्या शर्यतींच्या निकालात ही मुलं वरच्या ओळींत असतात. त्या निकालांच्या वह्यांपैकी काही मी स्वतः लिहिल्या आहेत. मध्य प्रदेशानं बड्या तलावावर राज्याची शाळा चालवली आणि तिथून हर्षिता तोमर जकार्ताला कांस्य घेऊन आली, पुढच्या खेपेला नेहा रौप्य. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: मुलांकडे पैसा आहे का, हे कुणी आधी विचारलं नाही.

खर्चाचा आक्षेप येतो, म्हणून सांगते. नवी आंतरराष्ट्रीय दर्जाची नौका काही लाखांची असते, हे बरोबर. पण नेहाची नौका, नेत्राची नौका आणि विष्णूची नौका यांचं तळापासूनचं अंग एकच आहे. सव्वाचार मीटरच्या आतबाहेरची लांबी, एकट्यानं चालवायची. बदलतं ते शीड आणि डोलकाठी. लहान मुलांसाठी ४.७ चौरस मीटरचं शीड, मग ५.७६चं, मग ७.०६चं. म्हणजे एकदा घेतलेली नौका एकामागून एक कितीतरी मुलांना पुरते, आणि मूल वाढलं की वरचं शीड लावता येतं. त्याच्याही आधी ऑप्टिमिस्ट, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. लांबी २.३ मीटर, वजन ३५ किलो, दोन मुलं उचलून वाळूवर आणतात. फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर आमच्या किनाऱ्यावर गावोगाव आहेत. ज्या ‘म्हादेई’त बसून दिलीप दोंदे एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि ज्या ‘तारिणी’त वर्तिका जोशी आणि तिच्या सहकारी महिला अधिकारी फिरून आल्या, त्या दोन्ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधल्या. जग फिरणारी नौका इथं बनते, मग दोन मीटरची मुलांची होडी बनणार नाही?

दुसरा आक्षेप आमच्याच माणसांचा. आईवडील म्हणतात, बाई, आम्ही पोरांना दर्यातून बाहेर काढायला शिकवतोय आणि तुम्ही परत दर्यात घालताय. हे मी मनावर घेते. मासेमारीत राहिलेलं काय, ते मला माहीत आहे. पण सेनादलात खेळाडूंची भरती होते, आणि लष्कराचं शिडाच्या नौकांचं केंद्र आमच्या समोर मुंबईतच आहे. दत्तूला नोकरी आधी मिळाली आणि वल्हं नंतर. इथं उलट होऊ शकतं. शिवाय लाइफ जॅकेट घालणं, नौका उलटली तर ती सोडायची नाही, वाऱ्याचा अंदाज घेऊनच निघायचं, हे आठव्या वर्षी शिकलेलं मूल मोठेपणी मासेमारीला गेलं तरी सुखरूप परतेल. आमच्या बोटींवर आजही किती जण जॅकेट अंगात घालतात आणि किती जण ते केबिनमध्ये लोंबकळत ठेवतात, हे कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत आहे.

आणि या खेळाचा नियम आमच्या धंद्याच्या नियमाशी जुळतो, म्हणून तो मला जवळचा वाटतो. नियमपुस्तकातला पहिला नियम वाऱ्याचा नाही, वाटेच्या हक्काचाही नाही. संकटात असलेल्या माणसाला किंवा नौकेला मदत करायची, हा पहिला नियम. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये शिडाच्या शर्यती बुसानला होत्या. २४ सप्टेंबरला वारा एकाएकी वाढला. कॅनडाचा लॉरेन्स लेमी आपल्या गटात दुसऱ्या क्रमांकावर होता. शेजारच्या शर्यतीतली सिंगापूरची नौका उलटली होती, दोघंही पाण्यात, एक जण जखमी. लेमीनं शर्यत सोडली, दोघांना आपल्या नौकेत ओढून घेतलं, मदतीची बोट येईपर्यंत थांबला आणि मग पुढे निघाला. रेषेवर आला तेव्हा बाविसावा होता. पंचांनी त्याला दुसरा क्रमांक परत दिला. ऑलिंपिक समितीनं कुबर्तीन पदक देऊन त्याचा सन्मान केला. तारापोर आणि केली राव ही आपली जोडी त्या सिंगापूरच्या नौकेच्याच वर्गात खेळत होती. दर्यात बोट अडचणीत दिसली आणि जाळं सोडून तिकडे वळला नाही, असा माणूस आमच्या गावात तोंड दाखवू शकत नाही. लेमीची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचे आणि मुलांना तिचं नवल वाटायचं नाही. त्यांनी ती घरी पाहिलेली असायची.

भारतानं २०३६च्या ऑलिंपिकसाठी अहमदाबादचं नाव पुढे केलं आहे. मिळेल न मिळेल. मिळालं तर शिडाच्या शर्यती अहमदाबादच्या साबरमतीत होणार नाहीत. ऑलिंपिकच्या इतिहासात हा खेळ वरचेवर यजमान शहर सोडून समुद्राकडे गेला आहे. म्युनिकचा कीलला, मॉस्कोचा टालिनला, बीजिंगचा चिंगदाओला. टालिनला १९८०साठी पिरिता इथं बांधलेलं केंद्र आजही उभं आहे. जपाननं १९६४साठी एनोशिमाचं बंदर बांधलं, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या मुलं शिकली, आणि टोकियोला दुसऱ्यांदा ऑलिंपिक आलं तेव्हा शर्यती पुन्हा तिथंच झाल्या. १९८२च्या शर्यतींचं आमच्या बाजूच्या किनाऱ्यावर काही उरलं नाही. आता कुठल्याही मोठ्या स्पर्धेसाठी मुंबईच्या पाण्याचा विचार होणार असेल, तर माझी मागणी आहे की शिल्लक राहील अशा गोष्टी आधी बांधा, उद्‌घाटनाचे मंडप नंतर.

पाण्याचंही पाहावं लागेल. चिंगदाओत २००८ला शर्यतीच्या तोंडावर समुद्रभर हिरवं शेवाळ पसरलं, तेव्हा हजारो माणसं आणि होड्या कामाला लावून ते काढावं लागलं. रिओच्या ग्वानाबारा उपसागरातल्या सांडपाण्याची आणि कचऱ्याची चर्चा जगभर झाली. मुंबई बंदरात आज शर्यत चालू असताना खेळाडू मध्येच नौका थांबवून तळातली फळी वर ओढतात, कारण तिला प्लास्टिक गुंडाळलेलं असतं. मी हे वहीत लिहू शकत नाही, कारण वहीत फक्त क्रमांकांना जागा आहे. जे प्लास्टिक नौकेच्या फळीत अडकतं, तेच आमच्या जाळ्यातही येतं. त्यामुळे पाणी स्वच्छ झालं तर त्याचा पहिला फायदा खेळाला होणार नाही, मासळीला होईल, आणि मला तेच हवं आहे.

मी मागते आहे ते फार मोठं नाही. करंजाच्या मत्स्यबंदरात किंवा मोऱ्याच्या धक्क्याजवळ होड्या पाण्यात उतरवायला एक उतार आणि एक शेड. सागरी मंडळानं जागा द्यावी, राज्याच्या क्रीडा खात्यानं नौका आणि मानधन. शिकवायला निवृत्त लष्करी आणि नौदलातले खेळाडू मिळतात. त्यांच्या जोडीला गावातला एखादा तांडेल मानधनावर ठेवा. राजपुरीला जा आणि पाहा. तिथले होडीवाले आजही भरल्या होडीत पर्यटक बसवून शिडावर जंजिऱ्याला नेतात, वारा आडवा असला तर वळसे घेत दरवाज्याशी आणून लावतात. राष्ट्रीय स्तरावर शिकवायला यापेक्षा जास्त काय यावं लागतं? राजपुरीला दुसरी शाळा काढा आणि या माणसांना तिथं गुरुजी करा. जूनपासून समुद्र बंद, तेव्हा मुलांना खडकवासल्याला न्यावं. तिथं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या पाण्यावर शिडं चालतातच, त्यांना विनंती करावी लागेल. जुलैत हैदराबादला शर्यती असतात, तिथं पहिल्या वर्षी नुसतं हरायला पाठवावं. मुंबईतल्या क्लबांकडे जुन्या नौका पडून आहेत. त्यांनी त्या भंगारात न काढता या शाळांना द्याव्यात आणि दर रविवारी आपल्या मुलांच्या शर्यतीत आमच्या मुलांना रेषेवर उभं करावं, शिफारशीच्या सह्या न मागता.

प्रवेश तिसरी-चौथीतल्या मुलांना द्या, निम्म्या जागा मुलींना. चाचणी एकच ठेवा: पोहता येतं का. सुरुवातीला दहा ऑप्टिमिस्ट पुरतील. पावसाळा संपून ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की नोव्हेंबरात सकाळचा मतलई नरम असतो, नवख्या मुलांना तोच बरा. पहिला वर्ग भांगाच्या दिवसांत ठेवावा, प्रवाहाला जोर नसतो. वेळ मात्र पंचांगातली तिथी बघून ठरवा, आणि ती ठरवायला गावातल्या कुणालाही विचारा.